लाट वजा

रोज सकाळी आठाच्या ठोक्याला मापाडी पुलाखालच्या पायऱ्या उतरायचा आणि नदीची हजेरी घ्यायचा. नदी कधी गैरहजर राहिली नाही आणि मापाडीही राहिला नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तो आधी पाणी मोजून मग नवरदेव झाला, असं लोक सांगत. त्यानं ते कधी नाकारलं नाही. खरं तर लग्न संध्याकाळचं होतं, पण एवढी चांगली गोष्ट कोण मोडणार?

सरकारी कागदावर त्याचा हुद्दा चांगला लांबलचक होता. पण बाजारात धान्य मोजणारा तसा हा नदी मोजणारा, म्हणून सगळे त्याला मापाडी म्हणत. काम सोपं होतं. पुलाच्या खांबावर मोजपट्टी रंगवलेली होती. पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं, नोंदवहीत लिहायचं, फोनवरून नियंत्रण कक्षाला कळवायचं. नऊ मीटरवर लाल रेघ. पाणी दहा मीटरवर गेलं की कक्षानं भोंगा वाजवायचा आणि नदीकाठची खालची वस्ती रिकामी करायची, असा नियम. चाळीस वर्षांत तो भोंगा एकदाही वाजला नव्हता. दरवर्षी त्याला तेलपाणी होई, रंग लागे, त्याच्यासमोर साहेब उभे राहून फोटो काढून घेत. वाजायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्याचं कारण नदी शहाणी होती हे नव्हे. कारण होतं लाट.

मापाडी नोकरीला लागला त्याच वर्षी पूर आला. अठरा वर्षांचं पोर ते. नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहून बसलं, नऊ मीटर चाळीस. तेव्हाचे मोठे साहेब छत्री धरून स्वतः पायऱ्यांपर्यंत आले.

"बाळ, लाटेवरचं वाचलंस तू."

"साहेब, लाट नाहीये."

"पाणी आहे म्हणजे लाट आहे. लाट वजा कर आणि पुन्हा वाच."

लाल रेघ ओलांडली की साहेबांना वरच्या कार्यालयाला खुलासा पाठवावा लागे, सगळ्यांच्या रजा रद्द होत, आणि साहेबांच्या घरी दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. पोरानं डोळे बारीक केले, लाट वजा केली. नदी आठ पंच्याण्णव झाली. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "आता कसं! नजर तयार होतेय तुझी."

आणि नजर झालीच तयार. पुढं साहेब बदलत गेले, तशी लाटही बदलत गेली. साहेब चिडके असले तर वीतभर वजा. साहेब दुखणाईत असले तर चार बोटं, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको. एका साहेबांची बढती तीन वर्षं अडकली होती, त्या तीन वर्षांत तर नदीला मान वर करायची परवानगीच नव्हती. मापाडी एकटाच होता असंही नाही. फोनवरचा कारकून आपली थोडी लाट वजा करी, कनिष्ठ अभियंता आपली, त्याच्या वरचा आपली. राजधानीत मंत्र्यांच्या टेबलावर पोचेपर्यंत नदी इतकी आटे, की तिच्यात मंत्र्यांच्या चहाची बशी बुडाली नसती.

याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. याला रीत म्हणत. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ती शिकवली जाई, पेन कुठं ठेवायचं आणि स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडं असते त्यासोबत. आणि रीत काही कार्यालयात टांगून ठेवून घरी येता येत नाही. मापाड्याच्या आईला एकशे तीन ताप असला की त्याची बायको सासूला एकशे एक सांगायची. लेकीला गणितात बेचाळीस गुण मिळाले, तर आजोबांपर्यंत ते बावन्न होऊन जात. वर कळवताना माणसाला बरं वाटेल असं कळवायचं, एवढंच.

लेक मात्र कुणावर गेली कोण जाणे. बेचाळीस म्हणजे बेचाळीसच म्हणायची आणि मार खायची. मोठी झाल्यावर ती हमरस्त्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला लागली, लग्न होऊन खालच्या वस्तीत गेली. नदीच्या अगदी कुशीत.

मग आला राष्ट्रीय आराखडा.

ऋतू बिघडले होते हे सांगायला आराखडा लागत नव्हता. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडून मोकळा होत होता. म्हणून देशानं ठरवलं की पुढच्या पन्नास वर्षांत पाणी कसं वागेल त्याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे भिंती घालायच्या, वस्त्या हलवायच्या. राजधानीत हुशार माणसं बसली. त्यांनी खरोखर जीव ओतून काम केलं. नदीकाठच्या प्रत्येक गावातून चाळीस-चाळीस वर्षांच्या नोंदी मागवल्या. या गावची सगळ्यात मोठी नोंद निघाली नऊ मीटर नव्वद. त्यात वाढत्या पावसाचे साठ सेंटिमीटर मिळवले आणि साडेदहा मीटरची भिंत उभी राहिली. पुलाच्या पायऱ्याही तेव्हाच पाडून नव्या केल्या. खालची वस्ती नकाशावर हिरव्या रंगात आली. हिरवा म्हणजे सुरक्षित.

छापील आराखड्याची प्रत कार्यालयात आली तेव्हा मापाड्यानं ती उभ्या उभ्या चाळली. पान दोनशे सातवर एक तक्ता होता. ओळखीचा वाटला म्हणून त्यानं चष्मा लावला. तो त्याचाच होता. चाळीस वर्षांचे चाळीस आकडे, एकाखाली एक, टाय लावून उभे. त्यातल्या प्रत्येकाच्या मागं कुठल्या ना कुठल्या साहेबाचा चेहरा होता. बढती अडकलेले, दुखणाईत, पाहुणे येणारे. त्या चेहऱ्यांवर देशानं भिंत बांधली होती.

तो खाली बसला. कारकून म्हणाला, "काय मापाडी, नाव छापून आलं म्हणून चक्कर आली का?"

पुढच्या रविवारी तो लेकीकडं गेला. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट भिंत दिसायची. खाटेवर विहीणबाई बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांची साथ सोडली होती, जिभेनं नाही.

"या व्याही! आज नदीनं लवकर सोडलं वाटतं?"

"सोडलं. म्हणाली, विहीणबाईंची तब्येत बघून ये."

"बघा, बघा. फक्त माप घेऊ नका. तुम्ही मोजलं की सगळंच कमी भरतं म्हणे!"

विहीणबाई सहज बोलल्या होत्या. मापाड्याला चहाचा ठसका लागला. लेकीनं पाठ चोळली.

"बाबा, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "उंचावर नवीन घरं बांधतायत ना, धोक्यातल्या वस्त्यांसाठी? आमची वस्ती यादीत नाही, पण या महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते म्हणे. हे म्हणतात अर्ज करू या. मी म्हटलं, आराखडा बाबांच्या आकड्यांवर उभा आहे. नदी कधी नऊ-नव्वदच्या वर गेली नाही आणि भिंत साडेदहाची आहे. मग गरज आहे का? तुम्ही सांगा."

जावई दारात उभा राहून ऐकत होता. विहीणबाई ऐकत होत्या. शेजारीण खिडकीशी येऊन थांबली होती, कारण ती जे ऐकेल ते वस्ती ऐकणार होती.

"करून टाका अर्ज," मापाडी म्हणाला.

"का पण?"

"असाच."

"असाच म्हणून कुणी घर सोडतं का?" विहीणबाई हसल्या. "माझ्या नवऱ्यानं एकेक वीट रचलीय. व्याही मोजायला बसलेत, तोवर मी इथून हलायची नाही. तो भोंगा वाजवा, मग उठते. तोपर्यंत मला हात लावायचा नाही कुणी."

लेक बापाकडं बघत राहिली. रक्ताची नळी उजेडात धरून बघावी तशी. "बाबा, आकडे बरोबर आहेत ना?"

चाळीस वर्षांची तयार नजर त्यानं खाली घातली. "बरोबर आहेत गं. मी आपलं काळजीपोटी म्हटलं."

बरं वाटेल असं कळवलं त्यानं. वर नाही, या खेपेला खाली.

दोन रात्री त्याला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं धाडस केलं. नियोजन विभागाच्या बाई हरकती ऐकायला जिल्ह्याच्या कचेरीत आल्या होत्या. तो रांगेत तीन तास उभा राहिला आणि त्यांच्यासमोर जाऊन एका दमात बोलून टाकलं.

"बाई, पान दोनशे सात खोटं आहे. मी लिहिलंय, मला माहीत आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. वय पस्तिशीचं, डोळे जागरणानं लाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लाटेसकट. शेजारी बसलेले मोठे साहेब, म्हणजे मापाड्याचे सध्याचे साहेब, हसत म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं. दोन महिन्यांनी निवृत्त होतायत."

"थांबा," बाई म्हणाल्या. "काका, प्रत्येक नोंदीखाली तुमची सही आहे. साक्षीला साहेबांची आहे. मी ती कशाच्या जोरावर बदलू?"

"मी सांगतोय की."

"तुम्ही आज सांगताय, आणि चाळीस वर्षं दुसरंच सांगितलंत. यातलं कुठलं धरू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तेच जास्त लागलं. "माझा तुमच्यावर विश्वास बसतोय, ही वेगळी गोष्ट. पण आराखड्याला विश्वास जोडता येत नाही, आकडे जोडावे लागतात. खरे आकडे आणून द्या. वर्षवार. महिनाअखेरपर्यंत आलेत तर भिंतीची उंचीही बदलेल आणि वस्तीही यादीत येईल. मी स्वतः बघते."

तो परत आला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. आता फक्त लेकीला सांगायचं राहिलं होतं. उद्या सांगू, असं त्यानं म्हटलं. मग परवा. तोंडात शब्द यायचा, लेक समोर यायची, आणि तो विचारायचा, "जेवलीस का?"

पावसाला असला संकोच नव्हता. तो त्याच आठवड्यात आला. डोंगराकडं दीड दिवस नुसता कोसळला. गुरुवारी सकाळी आठला पाणी नऊ मीटरवर, दहाला साडेनऊवर. भरदिवसा साडेअकराला मापाड्यानं मोजपट्टीवर बोट ठेवल्यासारखं बघितलं आणि फोन उचलला.

"दहा मीटर पाच. भोंगा वाजवा."

पलीकडून कारकून म्हणाला, "लाट वजा केलीत ना?"

"नाही केली. आहे तो आकडा आहे."

"बरं, बरं. मग मी करतो." कागदाचा आवाज आला. "नऊ नव्वद लिहितो. नऊ नव्वदपर्यंत गेलेली आहेच आपली नदी."

"अरे माणसा, दहाच्या वर आहे! मी बघतोय! वस्ती काढ!"

"मापाडी, ओरडू नका ना. दहा लिहिलं की भोंग्याला साहेबांची सही लागते. साहेब बैठकीत आहेत."

"कसली बैठक?"

"पूरनियंत्रणाचीच."

बाराला पाणी दहा पस्तीसवर होतं. त्यानं पुन्हा फोन लावला. या वेळी कनिष्ठ अभियंता बोलला, फार गोड बोलला. काका, घाबरू नका, भिंत साडेदहाची आहे, आपल्याच आकड्यांवर बांधलीय. मापाड्यानं फोन लोंबकळत सोडला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोजपट्टीकडं पाठ करून पळत सुटला.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पळतो म्हणजे किती पळणार? पण नदीचा मापाडी स्वतः पळतोय हे बघूनच अर्धी वस्ती उठली. भोंग्यानं झालं नसतं ते त्याच्या फाटक्या चपलांनी केलं. बायका पोरं काखेला मारून चढणीला लागल्या. "निघा! भरवसा ठेवू नका! निघा!" तो दारादारांवर थापा मारत आत आत जात होता. लेक प्रयोगशाळेत होती, जावई कामावर. विहीणबाईंची गल्ली सगळ्यात आतली.

गल्लीच्या तोंडाशी असताना पाणी भिंतीवरून आलं. आवाज असा काही मोठा झाला नाही. दूध उतू जातं तसं आलं ते, आणि येतच राहिलं, भिंतीचा एक तुकडा पाडून. दोघांनी त्याला बगलेला धरून मागं ओढलं. तो ओरडत होता, "विहीणबाई! अहो, उठा!"

नंतर शेजारणीनं सांगितलं. ती निघताना खिडकीतून म्हणाली होती, आजी, चला, मी धरते. विहीणबाईंनी तिलाच झापलं होतं. भोंगा वाजलाय का? नाही ना? मग कशाला पळापळ? आमचे व्याही आहेत तिथं.

एकोणीस माणसं गेली.

चौकशी झाली, वेळेत झाली. अहवालात लिहिलं होतं की नदीची पातळी नऊ मीटर पंच्याण्णव एवढीच होती, भिंतीची उंची पुरेशी होती, आणि दुर्घटना एका असाधारण लाटेमुळं घडली. मापाड्यानं पूर ओसरल्यावर खांबावरची गाळाची रेघ वाचून त्या दिवशीच्या पानावर दहा मीटर बहात्तर लिहून खाली सही केली होती. साहेबांनी ते पान बदलायला सांगितलं. तो नाही म्हणाला. पेन्शनचं काय होईल असं विचारलं, तरी नाही म्हणाला. मग पानाच्या कडेला दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात शेरा आला, "निरीक्षक मानसिक धक्क्यात. वाचनात चूक संभवते."

लेकीला सगळं कचेरीतून कळलं, बापाकडून नाही. ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी आली. डोळे कोरडे, हातात कोरी वही, त्यात पट्टीनं आखलेले चाळीस रकाने. नियोजन विभागाच्या बाई तिला भेटल्या होत्या. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते.

"बसा," ती म्हणाली. आईनं पाणी आणलं ते तिनं बाजूला सारलं. "पहिलं वर्ष. सांगा."

"आठ पंच्याण्णव," मापाडी म्हणाला. मग जीभ चावली. "नाही, ते नऊ चाळीस होतं. ते लक्षात आहे."

तिनं लिहिलं. "दुसरं."

"आठ अठ्ठ्याऐंशी."

"हा तक्त्यातला झाला. खरा?"

त्यानं डोळे मिटले. साहेबांची छत्री दिसली, रेनकोट दिसला, पाण्यावर वाहत आलेली खुर्ची दिसली. रेघ दिसेना.

"तिसरं?"

"आठ शहाण्णव."

"बाबा."

"अगं थांब ना, आठवतोय." कपाळावर घाम आला होता. "त्या वर्षी पाणी पायऱ्यांवर आलं होतं. दुसऱ्या पायरीवर. का तिसऱ्या? त्या पायऱ्या आता पाडल्या गं."

तिनं सगळी वर्षं विचारली. खोटे चाळीसच्या चाळीस त्याला पाढ्यासारखे पाठ होते, झोपेत विचारले तरी सांगितले असते. खरे त्यानं एकदाच पाहिले होते, क्षणभर, आणि लगेच वजा करून टाकले होते. किती वजा केलं तेही साहेबांच्या चेहऱ्यावर होतं, आणि साहेब बदलून गेले होते.

"मी रोज दोनशे लोकांचं रक्त बघते," लेक हळू आवाजात म्हणाली. "समोरच्याला बरं वाटावं म्हणून एकदा जरी आकडा कमी लिहिला तरी तो माणूस औषध घेणार नाही. तुम्हाला हे कधी सुचलं नाही?"

"सुचलं होतं," मापाडी म्हणाला. "पण सगळेच..."

शेवटी तिनं एकोणचाळीस रकान्यांत "माहीत नाही" असं लिहिलं. प्रत्येकासमोर त्याला सही करायला लावली. त्यानं केली, एकदाही हात आखडता न घेता. वही शेवटच्या दिवशी बाईंच्या हातात पडली.

उत्तर दीड महिन्यानं आलं. खाली बाईंची सही नव्हती, त्यांची बदली झाली होती. पत्र सभ्य होतं. प्राप्त माहितीबद्दल विभाग आभारी आहे. "माहीत नाही" ही नोंद गणनेत घेता येत नसल्यानं संबंधित वर्षांसाठी पूर्वीचे उपलब्ध आकडे कायम ठेवण्यात येत आहेत. एका वर्षाचा तफावत असलेला आकडा अपवादात्मक म्हणून वगळण्यात आला आहे.

लेकीनं पत्र दोनदा वाचलं, नवं पाकीट घेतलं आणि पुन्हा लिहायला बसली. ती अजून लिहिते आहे, असं तिथले टपालवाले सांगतात.

भिंतीचा पडलेला तुकडा पुन्हा बांधायला घेतला तेव्हा मापाडी निवृत्त झाला होता. तरी तो सकाळी आठला तिथं जाऊन उभा राहायचा. एक दिवस वरच्या थरावरच्या गवंड्यानं त्याला ओळखलं. हातातली थापी थांबवून त्यानं खाली वाकून विचारलं, "काका, तुम्ही नदी मोजायचात ना? माझंही घर खालीच आहे. पाणी इथवर येत नाही ना हो?"

दोघं-तिघं मजूर ऐकायला थांबले. त्यांच्या चेहऱ्यांवर काय ऐकायचंय ते स्पष्ट लिहिलेलं होतं. असे चेहरे मापाड्याला चांगले वाचता येत.

"येतं," तो म्हणाला. "ह्याच्याही वर येतं. वीतभर वर आलं होतं. मी पाहिलंय."

गवंड्यानं शेजारी विटेखाली दाबून ठेवलेला नकाशा उलगडून पाहिला, साडेदहावरची रेघ बोटानं चाचपली, आणि शेवटच्या थरावर माल पसरून तो सारखा करू लागला.